बडी एमन्सच्या वाटेनं पेडल स्टील गिटार: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

पेडल स्टील पहिल्यांदा बघणाऱ्याला ती गिटार वाटतच नाही. चार पायांचं अरुंद टेबल, त्यावर ताणलेल्या तारा, खाली शिलाई मशीनसारखे पेडल, आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या लोखंडी पट्ट्या. माझं वाद्य घरी आलं तेव्हा आई म्हणाली, "हे वाजवायचं की शिवायचं?" सहा आठवडे माझ्याकडे या प्रश्नाचं नीट उत्तर नव्हतं.

वाद्य अमेरिकन, पण मुळाशी गेलात तर ओळखीचं निघेल. मांडीवर आडवी गिटार घेऊन तिच्यावरून पोलादी तुकडा सरकवायची रीत हवाई बेटांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रुजवली जोसेफ केकुकूनं. तीच आपल्याकडे 'हवाईयन गिटार' म्हणून आली. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं ज्यांच्या घरात रेकॉर्डवर लागायची, त्यांना हा सरकता आवाज नवा नाही. अमेरिकेत याच हवाईयन गिटारला वीज मिळाली, पाय मिळाले, मग पेडल मिळाले, आणि कंट्री संगीतात ती कायमची मुक्कामाला आली.

हा लेख बडी एमन्सला समोर ठेवून लिहिला आहे. 1937 साली इंडियाना राज्यातल्या मिशावाका गावी जन्म, 2015 साली निधन. अकराव्या वर्षी वडिलांनी हातात सहा तारांची लॅप स्टील दिली आणि जवळच्या साउथ बेंडमधल्या हवाईयन संगीताच्या शाळेत पाठवलं. अठराव्या वर्षी हा मुलगा कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये लिटल जिमी डिकन्सच्या बँडमध्ये होता. वादक पुष्कळ झाले. एमन्सला निवडण्याचं कारण असं की आज तुम्ही जे वाद्य विकत घ्याल, त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यानं किंवा त्याच्या पिढीनं ठरवलेल्या आहेत. तो काय करत होता हे कळलं की वाद्य असं का आहे तेही कळतं.

आधी कान, मग पैसे

वाद्य घ्यायच्या आधी महिनाभर नुसतं ऐका. सुरुवात एमन्सपासूनही नको. वेब पिअर्सचं 'स्लोली' हे 1954 सालचं गाणं लावा. त्यात बड आयझॅक्स स्टील वाजवतो. तो तारा छेडतो आणि त्या वाजत असतानाच पेडल दाबतो, त्यामुळे स्वरसंगती डोळ्यादेखत, म्हणजे कानादेखत, बदलते. पेडल असलेल्या स्टील गिटारी त्याआधीही होत्या, पण पेडलचा उपयोग बहुतेक जण दोन स्वरांच्या मधल्या शांततेत, सूर बदलून ठेवण्यापुरता करत. आयझॅक्सनं ती हालचालच ऐकवली. गाणं तुफान चाललं आणि स्टील वाजवणारा प्रत्येक जण पेडल बसवायच्या मागे लागला.

आयझॅक्सच्या एका पेडलनं दोन वेगवेगळे स्वर एकाच दमात चढत. एमन्सनं ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं. एका पेडलवर एक स्वर, दुसऱ्यावर दुसरा. कागदावर ही बारीकशी दुरुस्ती वाटते. वाद्यावर बसलात की तिचा अर्थ कळतो, आणि या लेखात मला मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे.

आपला कान मींडेवर वाढलेला आहे. त्यामुळे आपण स्टील हातात घेतली की सरकवत सुटतो. पण बार, म्हणजे डाव्या हातातला पोलादी तुकडा, सरकवला की सगळ्या तारा एकदम सरकतात, सगळं घरच उचलून पुढच्या गल्लीत नेल्यासारखं. पेडलची गंमत उलटी आहे. बार जागेवर, दोन स्वर जागेवर, आणि तिसरा एकटाच त्यांच्यामधून वर चढत जातो. तानपुऱ्यावर षड्ज अढळ असतो आणि गळा त्याच्याभोवती फिरतो, तसं. एमन्सचं वादन ऐकताना हाच प्रश्न स्वतःला विचारत राहा: आत्ता काय हललं आणि काय थांबलं?

मग त्याला ऐका. रे प्राइसचं 1963 सालचं 'नाइट लाइफ', ज्यात एमन्सची स्टील ब्लूजच्या अंगानं बोलते. त्याच वर्षीचा 'स्टील गिटार जॅझ' हा त्याचा स्वतःचा अल्बम, न्यूयॉर्कमध्ये जॅझ वादकांसोबत केलेला. आणि 1968 सालचं जूडी कॉलिन्सचं 'समडे सून'. शेवटचं नवख्यांसाठी सगळ्यात चांगलं, कारण त्यात स्टील गाण्याच्या बाजूला उभी राहून बोलते, गायिकेच्या तोंडातला शब्द काढून घेत नाही.

दहा तारा, सरगममध्ये

दोन गळ्यांच्या, म्हणजे तारांचे दोन वेगळे संच असलेल्या, वाद्यात वादकापासून लांबचा गळा 'ई-नाइन' पद्धतीनं लावलेला असतो आणि जवळचा 'सी-सिक्स'. कंट्रीचा जो आवाज आपण ओळखतो तो ई-नाइनचा. नवख्यानं एक गळा, तीन पेडल आणि गुडघ्याच्या चार लिव्हर असलेलं वाद्य घ्यावं. दोन गळ्यांचं धूड केससकट तीस किलोच्या आसपास भरतं, आणि लिफ्ट बंद असलेल्या दिवशी तिसरा मजला फार उंच वाटतो.

इंग्रजी अक्षरं पाठ करण्याऐवजी मी तारा सरगममध्ये पाठ केल्या आणि ते फार सोपं गेलं. पांढरी तीन, म्हणजे ई, हा सा धरा. सगळ्यात लांबच्या तारेपासून, म्हणजे पहिलीपासून, आपल्याकडे येत या: रे, शुद्ध नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. दहावी तार आपल्या पोटाशी.

सगळ्यात उंच स्वर पहिल्या तारेवर नाही, तिसऱ्यावर आहे, हे लक्षात आलं का? पहिल्या दोन तारा रांग मोडून लांब बसल्या आहेत. त्याही एमन्सनंच 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जोडल्या. त्याआधी मधले रे आणि नी घ्यायला बार हलवावा लागे. त्यानं ते दोन स्वर तारांवरच आणून ठेवले.

आता पेडल. एमन्स मांडणीत डावीकडून ए, बी, सी असा क्रम असतो. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा प चढवून ध करतो. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा ग चढवून म करतो. सी पेडल चौथ्या तारेचा सा चढवून रे करतो आणि सोबत पाचव्याचा प चढवून ध. गुडघ्याच्या दोन लिव्हर आधी महत्त्वाच्या: एक चौथ्या आणि आठव्या तारेचा सा अर्धा स्वर चढवते, दुसरी तोच सा अर्धा स्वर उतरवून नी करते. उरलेल्या दोन लिव्हरना सध्या हात, म्हणजे गुडघा, लावू नका.

वाद्य जुनं घेत असाल तर विकणाऱ्याला एक प्रश्न न विसरता विचारा: मांडणी एमन्सची की डेची? जिमी डे हा त्याच काळातला दुसरा मोठा वादक. त्याच्या मांडणीत ए आणि सी यांच्या जागा उलट असतात. मी हे विचारलं नव्हतं आणि विकणाऱ्यानं सांगितलं नाही. सहा आठवडे धड्यात लिहिलेलं 'डावीकडचं पेडल' दाबत होतो आणि धड्यातलं एकही वाक्य खरं ठरत नव्हतं. मला वाटलं, माझाच कान गेला.

जुन्या वाद्यांविषयी आणखी एक. एमन्सनं 1957 च्या सुमारास शॉट जॅक्सनबरोबर वाद्यं बनवायला सुरुवात केली. दोघांची नावं जोडून कंपनीचं नाव झालं शो-बड. पुढे 1960 च्या दशकात त्यानं स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिच्या जुन्या वाद्यांतली 'पुश-पुल' यंत्रणा आवाजासाठी अजूनही नावाजली जाते आणि जुळवायला किचकट म्हणूनही तितकीच प्रसिद्ध आहे. आवाजाच्या मोहात पडून पहिलंच वाद्य पुश-पुल घेऊ नका. ज्यात पेडल तारा फक्त ओढतो ती आजची 'ऑल-पुल' यंत्रणा घ्या. तिच्यात प्रत्येक पेडलचा स्वर टोकाशी असलेल्या छोट्या नायलॉनच्या नटनं, छोट्या पान्यानं फिरवून घरीच लावता येतो.

बसणं

गुडघे लिव्हरच्या मध्ये सैल बसले पाहिजेत, सहज हललो तर लिव्हर लागता कामा नये. खुर्चीची उंची आधी जमवा, संगीताचं नंतर बघू. डावा पाय ए आणि बी या दोन्ही पेडलांवर अर्धा-अर्धा, टाच जमिनीवर. ए दाबताना पाऊल डावीकडे कलतं, बी दाबताना उजवीकडे. पाय उचलून दुसरीकडे ठेवायचा नाही, घोट्यातून कलवायचा. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर. आपण घरात अनवाणी वावरतो, त्यामुळे सुरुवातीला पेडलची धार तळव्याला लागते. पातळ तळाचे बूट घरात फक्त या कामासाठी ठेवा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सुरात लावणं

इथे आपल्याला एक फायदा आहे, तो वाया घालवू नका. इलेक्ट्रॉनिक ट्यूनरची सुई मध्यावर आणून दहाही तारा लावल्या तर वाद्य बरोबर असूनही कर्कश वाटतं. कारण ट्यूनरचा ग पियानोचा ग असतो, आणि तो तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे 100 सेंट धरले तर ही काही लहान रक्कम नाही. स्टीलचे तिन्ही स्वर एकत्र बराच वेळ रेंगाळतात, म्हणून ही घासाघीस गिटारपेक्षा इथे जास्त बोचते. त्यामुळे बरेच स्टील वादक ग थोडा उतरता ठेवतात.

मी मोबाइलवर तानपुरा पांढरी तीनमध्ये लावतो. आधी चौथी आणि आठवी तार सा मध्ये, मग पाचवी आणि दहावी प मध्ये. मग तिसरी आणि सहावी, ट्यूनर न बघता, तानपुऱ्यात विरघळेपर्यंत उतरवत न्यायची. मग ए आणि बी दोन्ही दाबून सा-म-ध ऐकायचे आणि नट फिरवून म, ध जुळवायचे. दोन्ही पेडल दाबल्यावर वाद्याच्या लाकडावरचा ताण वाढतो आणि बाकीच्या तारा केसभर उतरतात. हे सगळ्याच वाद्यांत कमी-जास्त होतं, बिघाड नव्हे.

तिसरी तार तुटणार, हे आजच स्वीकारा. ती 0.011 इंचाची, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात ताणलेली, शिवाय बी पेडल तिला दर मिनिटाला आणखी ओढतं. सुटी साधी 0.011 ची इलेक्ट्रिक गिटारची तार चालते, जी आपल्याकडे वाद्यांच्या दुकानात मिळते. अर्धा डझन एकदमच आणून ठेवा.

बार आणि पिका

बार म्हणजे गुळगुळीत पोलादाचा, एका टोकाला गोल, सुमारे सव्वा दोन सेंटिमीटर जाडीचा दांडू. अंगठा आणि मधलं बोट यांच्यात धरायचा, तर्जनी वर टेकवायची. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर आडव्या पसरायच्या. त्या नसतील तर बारच्या मागच्या तारांची खडखड ऐकू येते. तारांखालच्या फ्रेट म्हणजे नुसत्या रंगवलेल्या रेघा. बार बरोबर रेघेच्या वर हवा, गिटारसारखा रेघेच्या अलीकडे नको. डोकं बाजूला कललं की रेघ चुकीच्या जागी दिसते, म्हणून वरून सरळ बघा. आणि शेवटचा शब्द डोळ्याचा नाही, कानाचा.

उजव्या हाताला अंगठ्यात प्लास्टिकची पिक, म्हणजे नखी, तर्जनी-मधल्या बोटात धातूच्या. तारा तीन-तीनच्या जोडीत छेडतात: तीन-चार-पाच, चार-पाच-सहा, पाच-सहा-आठ, सहा-आठ-दहा.

खरी मेहनत मात्र स्वर थांबवण्यात आहे. पुढचा स्वर छेडण्याआधी आधीचा मेला पाहिजे, नाहीतर सगळं मधाच्या बाटलीत बुडवल्यासारखं वाटतं. एमन्सच्या काळातली रूढ पद्धत म्हणजे तळहाताची करंगळीकडची कड तारांवर टेकवायची, उचलताना छेडायचं, पुन्हा टेकवायचं. मेट्रोनोम 60 वर लावा. पाचवी तार एका ठोक्यावर छेडा, अर्ध्या ठोक्यावर दाबून बंद करा. रोज दहा मिनिटं. हा रियाज इतका कंटाळवाणा आहे की मी तो पावसाळ्यात, छपरावरच्या पावसाच्या आवाजात करायचो, म्हणजे निदान काहीतरी ऐकायला असे. पण तीन आठवड्यांनी वादन अचानक स्वच्छ वाटायला लागलं. दुसऱ्या कुठल्याही रियाजानं एवढा फरक पडला नाही.

आता पेडल

बार तिसऱ्या फ्रेटवर. आता सा म्हणजे पांढरी पाच, जी. चौथी, पाचवी आणि सहावी तार एकदाच छेडा: सा, प, ग. पुन्हा छेडायचं नाही. चार ठोके थांबा. ए पेडल हळूहळू दाबा. प चढून ध झाला, बाकी दोघे तसेच. स्वरसंगती उदास झाली, ऐकू आलं? आणखी चार ठोके. आता पाऊल उजवीकडे कलवत बी दाबा. ग चढून म झाला, आणि सा-म-ध अशी नवी, उजळ स्वरसंगती उभी राहिली. आता उलट क्रमानं सोडा.

एका छेडीत तीन स्वरसंगती, आणि बार कुठेही गेला नाही. एमन्सनं पेडल वाटून टाकलं ते याच मधल्या उदास जागेसाठी. आयझॅक्सच्या एका पेडलवर ही जागा थांबून घेता येत नव्हती. तुमच्या पहिल्या महिन्यातला निम्मा वेळ या एका हालचालीवर गेला तरी चालेल. पेडल किती वेगानं दाबता यावरून ते रडणं वाटतं की उसासा, हे ठरतं. घाईनं दाबलं तर दोन्हींतलं काहीच होत नाही, उचकी लागते.

पुढचा धडा जोडलेल्या तारांचा. बार तिथेच. पाचवी तार: प. ए पेडल दाबून पाचवीच: ध. पेडल सोडा, दुसरी तार: नी. चौथी: सा. पहिली: रे. तिसरी: ग. बी पेडल दाबून तिसरीच: म. मंद्र पंचमापासून मध्यमापर्यंत सातही स्वर, बार न हलवता. हातातल्या तारांच्या उड्या विचित्र आहेत, पाचवरून दुसरी, मग चौथी, मग पहिली, पण आठवड्याभरात बोटांना वाट सापडते. आपल्याला ओळखीचं कुठलंही साधं भजन याच जागेत बसवून बघा. मी बसवलं. कंट्री वाटलं नाही, पण सुरात होतं.

एकाच स्वरसंगतीची तीन घरं

तिसऱ्या फ्रेटवर मोकळ्या, म्हणजे पेडल न दाबलेल्या, तारा म्हणजे जी ही स्वरसंगती. सहाव्या फ्रेटवर ए पेडल आणि सा चढवणारी लिव्हर एकत्र दाबली की पुन्हा जी. दहाव्या फ्रेटवर ए आणि बी दाबले की पुन्हा जी. पंधराव्यावर मोकळ्या तारा, तोच जी एक सप्तक वर. तिन्ही ठिकाणी चार-पाच-सहा याच तारा छेडा. स्वर तेच, फक्त कुठला वर आणि कुठला खाली ते बदलतं.

हा नकाशा एकदा डोक्यात बसला की बाकीच्या स्वरसंगती पट्टी सरकवल्यासारख्या मिळतात. सी ही स्वरसंगती हवी तर सगळं पाच फ्रेट पुढे. इथे सरकायला हरकत नाही, उलट सरकलंच पाहिजे. फक्त निघताना कुठे पोचायचं ते ठरलेलं असू दे, आणि बार सुटला त्याच क्षणी पेडलही सुटू किंवा बसू दे. दोन्ही हालचाली एकत्र झाल्या की जो आवाज येतो त्यासाठीच लोक हे धूड जिने चढवून नेतात.

व्हॉल्यूम पेडल, शेवटी

मुद्दाम शेवटी ठेवलं. नवखा माणूस प्रत्येक स्वर शून्यातून फुगवत वाजवतो आणि ऐकणाऱ्याला जहाजावर बसल्यासारखी मळमळ होते. पहिले दोन महिने हे पेडल अर्ध्यावर ठेवून विसरून जा. नंतर ते एकाच कामासाठी वापरा: तार विझत जाईल तसं पाऊल अगदी हळू पुढे ढकलायचं, म्हणजे स्वर विझताना ऐकूच येत नाही. पाऊल हलतंय हे ऐकणाऱ्याला कळलं तर जास्त झालं. ॲम्प स्वच्छ ठेवा, खरखर अजिबात नको, रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चवीपुरता.

दुसऱ्या गळ्याचं काय?

सल्ला न ऐकता दोन गळ्यांचं वाद्य घेतलं असेल, तर जवळच्या सी-सिक्स गळ्यावर वर्षभर टॉवेल टाकून ठेवा आणि त्यावर मनगट टेकवा. 'नाइट लाइफ'मधला तो ब्लूज त्याच गळ्यावरचा, त्यामुळे मोह होईल हे मान्य. जॅझ आणि वेस्टर्न स्विंग तिथे राहतात, पण तिथली मांडणी, पेडल, तारांच्या जोड्या सगळं वेगळं आहे, आणि दोन्ही एकदम शिकायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. टॉवेलची लाज वाटत असेल तर लॉइड ग्रीनचं वाद्य बघा. बर्ड्स या बँडच्या 1968 सालच्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' अल्बमवर वाजवलेला हा नॅशव्हिलचा स्टुडिओ वादक. शो-बडनं 1973 साली त्याच्या नावाचं मॉडेल काढलं. त्याला रुंदी दोन गळ्यांची आहे, गळा मात्र एकच, ई-नाइनचा. सी-सिक्स जिथे असायचा तिथे हात टेकवायला गादी बसवली आहे.